कापसाचा भाव कुठे ठरतो?

वऱ्हाडातल्या बाजार समितीत हंगामात व्यापारी गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस उपसतो, चिमटीत धरून धागा ओढून पाहतो, सरकी दाताखाली फोडून ओल जोखतो. मग भाव बोलतो. कास्तकार कुरकुरला की उत्तर मिळतं, ‘बाहेरच मंदी आहे.’ हे ‘बाहेर’ वऱ्हाडात आलं त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या दक्षिणेकडच्या कापसावर चालणाऱ्या, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याचे लाखो कामगार मदतीच्या अन्नावर आले. मागणी इथल्या कापसाकडे वळली आणि इकडे मुंबईत पैशांचा पूर आला. भाव कित्येक पटींनी चढले, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर हातोहात खपले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बडा व्यापारीही बुडाला.

कापूस मात्र वऱ्हाडात राहिला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. नगदी पैसा दिसू लागला तसा पऱ्हाटीचा पेरा वाढत गेला. शेतसारा, सावकार आणि परक्या बाजाराचा भाव यांची गाठ तेव्हाच बसली. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्य आणायला रेल्वे होती. ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. त्याच सुमारास, १८९६ पासून, भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता, तो लँकेशायरच्या मालाला इथे झळ लागू नये म्हणून. खुल्या व्यापाराचा उपदेश करणाऱ्यांनीच हा नियम केला होता.

तीच रीत पुढेही चालली. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कापडावर आणि कपड्यांवर आयातीचा कोटा लावून ठेवला. कोटा उठल्यावर स्वस्त कपड्यांचा फायदा तिकडच्या ग्राहकाला झाला, तिथल्या उरल्यासुरल्या गिरणी-गावांची रोजी गेली. कपडे शिवण्याच्या धंद्यातून बांगलादेशात लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला, ही फार मोठी गोष्ट आहे. आणि २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांतही बहुतेक याच शिवणकाम करणाऱ्या होत्या.

माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट पश्चिम आफ्रिकेची आहे. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड इथला शेतकरी पावसाच्या भरवशावर, हाताने वेचून, अमेरिकेपेक्षा कमी खर्चात कापूस पिकवतो. तरी तो मार खातो, कारण अमेरिकेचं सरकार आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचं अनुदान देत आलं आणि त्याने जगाचा भाव दबला. २००३ मध्ये कानकूनच्या जागतिक व्यापार परिषदेत या चार देशांनी गाऱ्हाणं मांडलं. ती परिषद काही न ठरताच मोडली. ब्राझीलने याच अनुदानांविरुद्ध खटला लढवला आणि जिंकला. अमेरिकी मालावर उलट कर लावायची त्याची ताकद होती, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेला त्याला ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवावा लागला. मालीकडे अशी धमकी द्यायला काय होतं?

आपल्याकडे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत: शेतकऱ्याला मिळायला हवा होता तो भाव सरकारच निर्यातबंदीने पाडतं. म्हणूनच ते खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले. रोग ओळखण्यात त्यांची चूक नव्हती. पण दार उघडलं तेव्हा पलीकडचा गडी अनुदानाच्या उंचीवर उभा होता, आणि कोरडवाहू कास्तकाराला त्याच्याशी भिडावं लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला. कापडधंद्याला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. विदर्भात वेचणी लागते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला.