प्लेटलेटच्या वरच्या ओळी

पुण्यात पाऊस ओसरायला लागला की घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेटलेट किती?" ताप किती दिवसांचा, पोटात दुखतंय का, लघवी नीट होतेय का, हे सगळं नंतर. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ आकडे येतात, कोणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कोणी किवी आणून देतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या लॅबसमोर सकाळी सातपासून रांग असते, आणि रिपोर्ट हातात पडला की लोकांचा अंगठा थेट त्या एका ओळीवर जातो.

डेंगीने आपल्याला प्लेटलेट हा शब्द शिकवला, हे चांगलंच झालं. पण त्याच कागदावर वर हिमोग्लोबिन असतं, पांढऱ्या पेशी असतात. त्या ओळींकडे सहसा कोणी बघत नाही. रक्ताचे गंभीर आजार, अगदी रक्ताचा कर्करोगसुद्धा, बहुतेक वेळा या ओळी एकत्र वाचल्या तरच लक्षात येतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर होता. कोथरूडला खोली घेऊन राहणारा, जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. दहा दिवस ताप, प्लेटलेट ३८ हजार. त्याआधी एका दवाखान्यात "डेंगीच आहे, आराम करा, रोज प्लेटलेट तपासा" असं सांगून घरी पाठवलं होतं. पांढऱ्या पेशीही कमी होत्या, डेंगीत तसं होतं. पण हिमोग्लोबिन होतं ७.२. इथे मी थांबले. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्यामुळे रक्त दाट होतं. रक्तस्राव झालेला नसेल, तर आठ-दहा दिवसांच्या डेंगीने हिमोग्लोबिन सातवर येत नाही. आईला विचारलं, आधीपासून काही त्रास होता का? ती म्हणाली, "महिन्यापूर्वी आम्ही पर्वतीवर गेलो होतो. पायऱ्या चढताना दोनदा बसला. मला वाटलं, मेसचं जेवण, दुसरं काय."

मशीन पेशी मोजतं, पण पेशीचा चेहरा बघायला माणूस लागतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून पसरायचा, वाळवायचा, लिशमन रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी रक्त बघायला सुंदर असतं. गुलाबी, मध्ये थोड्या फिकट अशा तांबड्या पेशींचा गालिचा, त्यात तीन-चार पाकळ्यांचं जांभळं केंद्रक मिरवणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि मधूनच जांभळी भुकटी सांडावी तशा प्लेटलेट. त्या मुलाच्या काचपट्टीवर गालिचा विरळ होता, भुकटी शोधावी लागत होती आणि जागोजागी मोठ्या, गोल पेशी बसल्या होत्या. केंद्रक इतकं मोठं की भोवती निळसर पट्टी जेमतेम उरलेली. या ब्लास्ट, म्हणजे रक्तपेशींची अगदी कच्ची अवस्था. त्या हाडांच्या आतल्या मज्जेत असतात. बाहेरच्या रक्तात त्या अशा दिसल्या, तर मी रिपोर्ट छापायला देण्याआधी फोन उचलते.

मज्जेचं काम कळलं की पुढचं सगळं उलगडतं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ही तिन्ही पिकं एकाच शेतात निघतात. मोठ्या माणसात ते शेत म्हणजे कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीच्या हाडातली मज्जा. तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी जगते १२० दिवस, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य तर तासांत मोजायचं. म्हणजे रोजची पेरणी, रोजची काढणी. ल्युकेमियात, म्हणजे रक्तपेशींच्या कर्करोगात, एका कच्च्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. ती पिकत नाही, मरत नाही, फक्त वाढत राहते. तण माजलं की पिकाला जागा उरत नाही, तसंच. तीव्र ल्युकेमियाची लक्षणं म्हणूनच गाठीची किंवा सुजेची कमी आणि बुडालेल्या पिकांची जास्त असतात. तांबड्या पेशी घटल्या की धाप लागते, चेहरा पांढुरका पडतो. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप जाऊन पुन्हा येतो, तोंडात फोड येतात. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं, कुठे आपटल्याचं आठवत नसताना काळेनिळे डाग उठतात, पाळीत रक्तस्राव थांबत नाही. नडगीवर मोहरीएवढे लाल ठिपके दिसले, तर काचेचा पेला दाबून बघा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं. हे ठिपके त्वचेखालच्या रक्ताचे असतात, काचेखालीही तसेच दिसत राहतात. लहान मूल पाय दुखतो म्हणून लंगडायला लागलं, रात्री रडून उठू लागलं आणि सोबत फिकं दिसत असेल, तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून न देता एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचपट्टीवरची तपासणी) करून घ्यावा.

सगळे ल्युकेमिया असे धडाक्याने येत नाहीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया कितीतरी जणांना ऑफिसच्या वार्षिक तपासणीत कळतो. माणूस ठणठणीत, आणि पांढऱ्या पेशी दीड लाख. खोदून विचारलं तर सांगतात, हल्ली दोन पोळ्यांत पोट भरतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं. तिथे प्लीहा वाढलेली असते.

दुसऱ्या बाजूची भीतीही मी रोज बघते. तिन्ही ओळी खाली म्हणजे कर्करोगच, असं नाही. पुण्यातल्या शाकाहारी घरांतून बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता इतकी दिसते की आधी तिचाच विचार करावा लागतो. बी-१२ नसलं की पेशींना डीएनए तयार करता येत नाही आणि तिन्ही पिकं खुरटतात. काचपट्टीवर न्यूट्रोफिलचं केंद्रक पाच-सहा पाकळ्यांचं दिसलं की मला हायसं वाटतं. अशा माणसाला इंजेक्शनं सुरू झाली की आठवड्याभरात नव्या तांबड्या पेशी रक्तात यायला लागतात.

सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा आजार मात्र लोहाची कमतरता हाच आहे, आणि त्याबाबतीत माझी खरी तक्रार आहे. पाळी येणाऱ्या बाईत, गरोदरपणात त्याचं कारण बहुधा समोर असतं. पण पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं असेल, तर लोह गेलं कुठे, हे शोधायलाच हवं. शरीर लोह सहजासहजी टाकत नाही. बहुतेक वेळा ते रक्तावाटे जातं, आणि या वयात ती गळती जठरातली किंवा मोठ्या आतड्यातली असू शकते. कधी व्रण असतो, कधी कर्करोग. "मूळव्याध असेल" म्हणून वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, हिमोग्लोबिन चढलं, सगळे निर्धास्त झाले, आणि आतली गाठ वाढत राहिली. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. गोळ्या जरूर घ्या, पण दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन हलतच नसेल, पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर असतील, तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यावी. हा आजार नव्हे, ती व्यक्ती फक्त थॅलेसेमिया या आनुवंशिक आजाराची वाहक असते आणि नेहमीसारखं आयुष्य जगते. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, साठणारं लोह बाहेर काढायला औषध घ्यावं लागतं. हिमोग्लोबिन एचपीएलसी ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. नंदुरबार-गडचिरोलीकडून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींत सिकल सेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा विचारही याच तपासणीने होतो.

मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ, रात्री उशी भिजेल असा घाम, प्रयत्न न करता घटलेलं वजन ही लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची, लक्षणं. अडचण अशी की क्षयरोगाच्या गाठीही हुबेहूब अशाच. आपल्याकडे क्षय जास्त, म्हणून कधीकधी गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधं सुरू होतात आणि सहा महिने हातचे जातात. सुईने ओढलेल्या चार पेशींवर लिम्फोमाचा प्रकार ठरत नाही, गाठ काढून तपासावी लागते. तसंच साठीनंतरची न हटणारी पाठदुखी. तिच्यासोबत हिमोग्लोबिन कमी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मल्टिपल मायलोमा हा मज्जेतला कर्करोग मनात आणून प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी.

मज्जेची तपासणी म्हटलं की नातेवाईक घाबरतात. "मणक्यातून पाणी काढतात ना?" नाही. ती वेगळी तपासणी. मज्जा कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यातून घेतात, जागा बधिर करून. हाडाच्या पृष्ठभागापर्यंत बधिरता पोचते, आतल्या मज्जेपर्यंत नाही, म्हणून मज्जा ओढतानाची ती दोन-तीन सेकंदं पायापर्यंत विचित्र ओढ जाणवते. मी पेशंटला हे आधीच सांगते. अर्ध्या-पाऊण तासात माणूस चालत घरी जातो.

उपचारांची गोष्ट सांगताना मला मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करावीशी वाटते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पांडुरोग ती अभ्यासत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलिक आम्ल. पुढे अमेरिकेत आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फोलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलेट देऊन पाहिलं, तर आजार आणखी भडकला. मग उलटा विचार झाला. जे तणाला खत घालतं, तेच अडवलं तर? सुब्बारावांच्या चमूने फोलेटला रोखणारं ॲमिनोप्टेरिन तयार केलं आणि १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ पैकी १० मुलांचा ल्युकेमिया काही काळ मागे हटल्याचं जाहीर केलं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही या उपचारात आहे.

दुसरं औषध तर तुमच्या बाल्कनीत उभं असेल. सदाफुली. कॅनडात तिच्या पानांचा मधुमेहावर उपयोग होतो का, हे पाहत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या. या झाडापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळाली. व्हिनक्रिस्टिन पेशीचं विभाजन अडवतं. पण कृपा करून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका, काढा पिऊ नका. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला शेकडो किलो वाळकी पानं लागतात, आणि शुद्ध औषधाचा डोससुद्धा मिलिग्रॅममध्ये, शिरेतून, मोजून द्यावा लागतो. त्यानेही पायांना मुंग्या येतात.

अशी औषधं एकत्र, ठरलेल्या क्रमाने, दोन-अडीच वर्षं देऊन मुलांमधला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आज विकसित देशांत दहापैकी जवळजवळ नऊ मुलांत आटोक्यात येतो. आपल्याकडे आकडा मागे पडतो, कारण निदान उशिरा होतं, जंतुसंसर्ग गाठतो आणि पैशाअभावी उपचार अर्ध्यावर सुटतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले बरेच उपचार बसतात. पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन चौकशी करा.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं चित्र तर एका गोळीने पालटलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि त्यातून बनणारं प्रथिन पेशीला वाढत राहायला लावतं. २००१ मध्ये आलेलं इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाला अडवतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे इथली कमी किमतीची गोळी मिळत राहिली. तीन-चार महिन्यांनी तपासणीला येणारे माझे कितीतरी पेशंट ही गोळी घेऊन नोकरी करतात, नातवंडं सांभाळतात. बरं वाटतं म्हणून ती परस्पर बंद मात्र करायची नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. आणि "बोन मॅरो बदलतात" म्हणजे हाडाचं ऑपरेशन नसतं. मूळपेशींची पिशवी रक्तासारखीच शिरेतून चढवतात, त्या आपलं शेत स्वतः शोधतात.

तो कोथरूडचा मुलगा. पहिल्या महिन्यातल्या केमोथेरपीने तण जळलं, पण पीक उगवायला वेळ लागतो. मधले तीन आठवडे त्याची मज्जा रिकामी होती, आणि प्लेटलेट दात्यांकडूनच येणार होत्या. प्लेटलेटची पिशवी फ्रीजमध्ये चालत नाही. २० ते २४ अंशांवर, सतत डुलणाऱ्या ट्रेवर ठेवावी लागते आणि पाच दिवसांत वापरावी लागते. साठा करून ठेवता येत नाही. त्या सप्टेंबरात रक्तपेढीसमोर डेंगीच्या पेशंटांचे नातेवाईक पिशव्यांसाठी उभे होते. त्यातल्या बहुतेकांच्या प्लेटलेट तीस-चाळीस हजार होत्या, रक्तस्राव नव्हता, आणि ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत त्या आपोआप चढणार होत्या. मुलाच्या होत्या सहा हजार, नाकातून रक्त येत होतं. त्याच्या वर्गातली पाच मुलं सकाळी प्लेटलेट द्यायला आली. त्यातल्या तिघांचे रिपोर्ट जुळले. दीड तास मशीनला बसून त्यांनी एक-एक पिशवी दिली, आणि दुपारी पहिली पिशवी वॉर्डात गेली.