सीआरपीचा आकडा नेमकं काय सांगतो?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द घरोघरी पोचले. रिपोर्ट आधी व्हॉट्सअॅपवर आणि मग डॉक्टरांकडे, असाच तेव्हाचा क्रम होता. आकडा वाढलेला दिसला की ‘विषाणू वाढतोय’ असं लोक धरून चालत. पण यातलं एकही प्रथिन विषाणूचं नाही. तिन्ही आपल्याच शरीरातून येतात.

सीआरपी म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. ते सापडलं १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. आजार भरात असताना हे प्रथिन दिसे, रुग्ण बरा झाला की नाहीसं होई. ते बनतं यकृतात. संसर्ग झालेल्या जागी रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-६ हे निरोप्याचं काम करणारं प्रथिन सोडतात. तो निरोप यकृताला पोचला की काही तासांतच सीआरपी चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं. गंमत अशी, की रक्तातलं सीआरपी निम्मं व्हायला माणूस ठणठणीत असो की अत्यवस्थ, सुमारे १९ तासच लागतात. म्हणजे आकडा चढता असेल, तर यकृताला अजून हुकूम सुटत आहेत एवढं नक्की.

साध्या विषाणूजन्य तापात तो सहसा फार चढत नाही. कोविडमध्ये काहींचं दुखणं दुसऱ्या आठवड्यात उलटायचं: विषाणू ओसरत असायचा, पण प्रतिकारशक्ती थांबायला तयार नसायची. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने नेमके असेच रुग्ण निवडले. ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त, अशा ४,११६ जणांपैकी निम्म्यांना इंटरल्युकिन-६चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब मिळालं. २८ दिवसांत त्यांच्यातले ३१ टक्के दगावले, औषध न मिळालेल्यांतले ३५ टक्के. फरक चार टक्क्यांचा दिसतो, पण एवढ्या आजारी माणसांमध्ये तो लहान म्हणता येणार नाही.

डी-डायमरची गोष्ट वेगळी. रक्ताची गुठळी विरघळताना फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, जे तुकडे सुटतात, ते हे. वुहानमधल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होतानाच ज्यांचं डी-डायमर मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच जास्त आढळला. मात्र हेच डी-डायमर गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर आणि नुसत्या वाढत्या वयानेही वाढतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातलं लोह साठवणारं प्रथिन, फॅटी लिव्हरमध्ये चढतं, लठ्ठ माणसाचं सीआरपी एरवीही थोडं वरच असतं.

त्यात एककांचा घोळ. एका लॅबचं सीआरपी ७.५ आणि दुसरीचं ७५, तरी दोन्ही तंतोतंत सारखे असू शकतात, कारण पहिली डेसिलिटरमागे मोजते, दुसरी लिटरमागे. आकड्यापुढची ती बारीक अक्षरं न वाचता केवढ्या तरी जणांनी रात्री जागून काढल्या असतील.

मे २०२१मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं होतं, की सौम्य लक्षणं आणि ऑक्सिजन व्यवस्थित असेल तर या तपासण्या करू नका. आकड्याला घाबरून लवकर सुरू केलेली स्टिरॉइड उलटतात. ‘रिकव्हरी’नेच दाखवलं होतं, की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, इतरांना नाही.

डेंग्यूत तर पाहायची गोष्टच निराळी. तिथे ताप उतरू लागला की धोक्याचा काळ सुरू होतो. केशवाहिन्यांमधून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, झिरपतो, त्याबरोबर अल्ब्युमिन हे प्रथिन बाहेर जातं आणि उरलेलं रक्त दाट होतं. म्हणून नातेवाईक प्लेटलेट किती हे विचारत असतात, तेव्हा डॉक्टरांची नजर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर असते. तो मूळ पातळीपेक्षा २० टक्क्यांनी वाढला, तर प्लाझ्मा गळतोय असं धरतात आणि सलाइनचा हिशेब नव्याने मांडतात.