पट्टे सोडा, टोक बघा: आफ्रिकेतले दोन रानटी स्नेक प्लांट

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात काटेरी झुडपांच्या सावलीला स्नेक प्लांटचं बेट दिसलं, की प्रत्येक जण आधी पानावरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवतो. ओळख चुकते ती तिथेच. हायसिंथॉइडिस आणि एथिओपिका या दोन्ही जातींच्या पानांवर फिकट आडवे पट्टे असतात आणि पान जून झालं की दोन्हींचे पट्टे पुसट होतात. पानाची लालसर कडही दोघांना असू शकते.

म्हणून मी आधी पानाचं टोक चिमटीत धरायला सांगेन. एथिओपिकाचं पान वर निमुळतं होत जातं आणि शेवटी पांढरट, वाळक्या सुईत संपतं. ही सुई कधी कधी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. पाण्यावाचून टोक करपलं असं वाटतं, पण धडधाकट रोपालाही ती असतेच. हायसिंथॉइडिसचं टोक हिरवं आणि आखूड, जेमतेम काही मिलिमीटरचं.

टोक मोडलेलं असेल तर पान बुडापर्यंत बघत जा. हायसिंथॉइडिसचं पान मध्ये चांगलं रुंद आणि सपाट असतं, पाच-सात सेंटिमीटरसुद्धा भरतं, आणि खाली आवळत जाऊन खोलगट देठासारखं होतं. एका झुपक्यात अशी दोन ते आठ पानं. एथिओपिकाला असा देठ जाणवत नाही. तिची पानं अरुंद, पन्हाळीसारखी, आणि झुपक्यात बरीच जास्त, डझनभरही. उन्हात वाढलेली हायसिंथॉइडिस आखूड आणि अरुंद राहते, तेव्हा नुसत्या रुंदीवर मात्र भिस्त ठेवू नका.

जागेचीही थोडी मदत होते. एथिओपिका बोट्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या अंतर्भागातली. हायसिंथॉइडिस केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पूर्वेकडे पसरलेली, झाडांखालच्या सावलीत रमणारी. काही भागांत मात्र दोघी शेजारी सापडतात.

नावांवर मुळीच जाऊ नका. एथिओपिका इथिओपियाची नाही. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लॅटिनमध्ये तो शब्द सरसकट आफ्रिकेसाठी, बरेचदा तिच्या दक्षिण टोकासाठी, वापरला जाई. हायसिंथॉइडिसला तर वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये कोरफडीच्या वंशात घातलं होतं. आता सान्सेव्हिएरिया, म्हणजे स्नेक प्लांटचा सगळा गटच, ड्रसीना या वंशात गेला आहे, त्यामुळे पुस्तकात एक नाव आणि नव्या यादीत दुसरं दिसलं तर गोंधळू नका. आपल्या बाल्कनीतला नेहमीचा स्नेक प्लांट या दोघींपैकी एकही नाही, तो ट्रायफॅसिएटा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला.

कुणाकडून ओळख पटवून घ्यायची असेल तर न मोडलेल्या टोकाचा जवळून एक फोटो काढा. दुसरा माती हाताने बाजूला सारून बुडाचा, आणि शेजारी एक नाणं ठेवा.