यंत्राला ज्ञान सांगायचं कसं?

१९५६ साली न्यूएल, सायमन आणि शॉ यांच्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ या प्रोग्रॅमने रसेल-व्हाइटहेड यांच्या गणिताला तर्कशास्त्राचा पाया देणाऱ्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथातल्या एका प्रकरणाच्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. यंत्र तर्क करू शकतं, एवढं त्यातून दिसलं. पण गणितातली गृहीतकं बदलत नाहीत; भोवतालचं जग मात्र सतत बदलतं.

संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १९५८मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या परिषदेत मांडलेलं त्यांचं उदाहरण अगदी साधं होतं: मी घरी टेबलापाशी बसलो आहे, गाडी घरीच उभी आहे आणि मला विमानतळावर जायचं आहे. ही माहिती तर्कशास्त्राच्या वाक्यांत लिहून दिली, तर ‘आधी गाडीपर्यंत चालत जा, मग गाडी चालव’ हे यंत्राला स्वतःहून काढता यायला हवं. यंत्रासाठी ज्ञान मांडायचं आणि त्यावरून तर्क करायचा, या शाखेची खरी सुरुवात माझ्या मते इथेच झाली.

१९६५मध्ये रॉबिन्सन यांनी ‘रेझोल्यूशन’ हा एकच नियम वापरून सिद्धता शोधण्याची पद्धत दिली, तेव्हा वाट मोकळी झाल्यासारखं वाटलं. पण १९६९मध्ये मॅकार्थी आणि हेज यांनीच मूळ अडचण समोर ठेवली. गाडी विमानतळावर पोहोचली, म्हणून घरातल्या टेबलाचा रंग बदलत नाही. हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, पण तर्कशास्त्राला सांगावं लागतं. प्रत्येक कृतीने काय काय बदलत नाही याची यादी करायला बसलं, तर ती संपतच नाही.

दुसरी अडचण अपवादांची. पक्षी उडतात, पण पेंग्विन उडत नाही. अभिजात तर्कशास्त्रात नवी माहिती आली म्हणून जुना निष्कर्ष कधीच मागे घेतला जात नाही. माणूस मात्र तो रोज मागे घेतो. १९८०मध्ये रायटर, मॅकार्थी आणि इतरांनी यासाठी नवी तर्कशास्त्रं रचली.

त्याआधी, १९७०च्या दशकात स्टॅनफर्डच्या ‘मायसिन’ या प्रोग्रॅमने काहीशे नियमांच्या जोरावर रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करून दाखवलं. १९८४मध्ये लेनट यांनी सामान्यज्ञानाचं प्रत्येक वाक्य हाताने लिहून काढण्याचा ‘साइक’ हा प्रचंड प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षीचा ब्राकमन आणि लेवेक यांचा निबंध मला जास्त मोलाचा वाटतो. संकल्पनांचं वर्णन करणाऱ्या एका लहानशा भाषेत फक्त एक रचना वाढवली, की ‘ही संकल्पना त्या संकल्पनेत मोडते का?’ या प्रश्नाचं उत्तर काढणं आवाक्याबाहेर जाऊ शकतं, हे त्यांनी सिद्ध केलं. भाषेची ताकद वाढते तशी हिशेबाची किंमतही वाढते. अशा वर्णनाच्या भाषांवर उभ्या राहिलेल्या पुढच्या ‘वर्णनात्मक तर्कशास्त्रां’नी ही किंमत नीट मोजूनच आपल्या भाषा आखल्या. २००४ची वेबसाठीची ‘आउल’ भाषा त्यातूनच आली, आणि ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय संज्ञावलीही याच तर्कशास्त्राच्या पायावर उभी आहे.

दुसऱ्या टोकाला निव्वळ खरं-खोटं एवढंच जाणणारं विधान-तर्कशास्त्र. दिलेलं सूत्र खरं ठरेल अशी खऱ्या-खोट्याची निवड आहे का, हा त्यातला मूळ प्रश्नही अतिशय कठीण वर्गातला आहे, हे कुक यांनी १९७१मध्येच दाखवलं होतं. तरीही १९९०च्या दशकापासून, हाच प्रश्न सोडवणाऱ्या आणि फसलेल्या प्रयत्नातून नवा नियम शिकणाऱ्या ‘सॅट सॉल्व्हर’ प्रोग्रॅमांनी कमाल केली. १ ते ७८२४ या संख्या दोन रंगांत अशा वाटता येतात, की कोणतंही पायथागोरसचं त्रिकूट (३, ४, ५ सारखं, a² + b² = c² होणारं) एकाच रंगाचं होत नाही. ७८२५पर्यंत गेलं की ते अशक्य होतं. २०१६मध्ये अशा सॉल्व्हरच्या मदतीने मिळालेली ही सिद्धता सुमारे २०० टेराबाइटची होती.

२०२४मध्ये गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फाप्रूफ’ या प्रणालीने गणित ऑलिंपियाडचे काही प्रश्न सिद्धता लिहिण्याच्या ‘लीन’ या भाषेत सोडवले. तिथे सिद्धतेची प्रत्येक पायरी यंत्रच तपासतं. ते प्रश्न त्या भाषेत उतरवण्याचं काम मात्र माणसांनीच केलं होतं.