कॅमेरा ऐकतो, मग फाइल मुकी का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री कुणीतरी एका स्कूटरला धडक दिली. अंधारात चित्र काही कामाचं नव्हतं, पण धडकेनंतर ओरडाआरडा झाल्याचं वॉचमन सांगत होता. कॅमेऱ्याचं चित्रण आम्ही व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधून एमपीफोर फाइलमध्ये साठवतो. ती फाइल उघडली, तर आवाजच नाही. तंत्रज्ञाने निदान केलं, "माइक गेलाय, कॅमेरा बदला." मी तोच कॅमेरा व्हीएलसीत थेट लावला, तर गल्लीतली कुत्री खणखणीत भुंकत होती! माइक गेलेला नव्हता. आवाज साठवताना गळत होता.

बहुतेक आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कला जोडलेले कॅमेरे, आरटीएसपी या पद्धतीने चित्र आणि आवाज असे दोन वेगळे प्रवाह पाठवतात. चित्र सहसा एच.264 या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीत असतं. आवाज मात्र पुष्कळदा जी.711 मध्ये, म्हणजे 1972 साली टेलिफोनसाठी ठरलेल्या पद्धतीत. माझ्या मते ही पद्धत म्हणजे काटकसरीचा उत्तम नमुना आहे, म्हणून तिच्यापाशी जरा रेंगाळतो.

माइकमधून येणारा विद्युतदाब सेकंदाला 8000 वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप 8 बिटांत, म्हणजे 256 आकड्यांपैकी एकात बसवायचं. पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवल्या तर कुजबुज पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच संपते आणि नुसती खरखर उरते. म्हणून पायऱ्या असमान ठेवल्या. सोनाराचा तराजू मिलिग्रॅम पाहतो, लाकडाच्या वखारीतला काटा किलोखाली पाहत नाही, जी.711 मध्ये दोन्ही एकाच मापात आहेत. पहिला बिट सांगतो की दाब शून्याच्या वर आहे की खाली. पुढचे 3 बिट 8 टप्प्यांपैकी कुठला ते सांगतात आणि उरलेले 4 बिट त्या टप्प्यातल्या 16 पायऱ्यांपैकी कुठली ते. अमेरिका-जपानकडच्या 'म्यू-लॉ' प्रकारात दर टप्प्याला पायरीची उंची दुप्पट होते, म्हणून सर्वांत मोठी पायरी सर्वांत लहान पायरीच्या 128 पट. भारतात आणि युरोपात चालणाऱ्या 'ए-लॉ'मध्ये पहिले दोन टप्पे सारखे, पुढे तीच दुपटीची चाल. मोठ्या आवाजात मोजमाप ढोबळ होतं, पण कानाला ते कळत नाही. ढोलपथकात एक ढोल वाढला तर कुणाला समजतं? शांत खोलीत डास शिरला की लगेच समजतं. आणि या सगळ्याचा खर्च सेकंदाला फक्त 64,000 बिट.

सेकंदाला 8000 मोजमापं असली की 4000 हर्ट्झच्या वरचे स्वर नोंदवताच येत नाहीत. 'स'ची बरीचशी ताकद त्याच्याही वर असते, म्हणून फोनवर "स सशाचा, फ फणसाचा" करावं लागतं. 'एआयने सीसीटीव्हीचा आवाज मूळ रूपात आणतो' म्हणणाऱ्या जाहिराती वाचताना हे आठवावं. जे नोंदलंच नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, आणि अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. फुटेजच्या खरखरीत भुताची हाक ऐकणारेही अंदाजच भरत असतात, तेही फुकट.

आता मूळ दुखणं. एमपीफोर ही आवाजाची पद्धत नाही, ते चित्र आणि आवाज ठेवायचं खोकं आहे, आणि त्या खोक्यात जी.711 ला जागा नाही. व्हीएलसी चित्र भरतं, आवाज सोडून देतं आणि तक्रार मेसेजेसच्या खिडकीत लिहितं, जी कुणी उघडत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला आवाज जसाच्या तसा भरायला सांगितलं, तर ते निदान फाइल बनवायलाच नकार देतं. उपाय दोन: खोकं एमकेव्हीचं घ्या, त्यात जी.711 जसाच्या तसा मावतो. किंवा एमपीफोरच हवं असेल तर फक्त आवाज एएसीमध्ये, म्हणजे एमपीफोरमध्ये मावणाऱ्या आवाजाच्या पद्धतीत, बदला आणि चित्राला हात लावू नका. चित्र पुन्हा दाबत बसलात तर जुना संगणक घामाघूम होतो.

मी एमकेव्हीच्या बाजूचा आहे, त्याला आणखी एक कारण आहे. साधी एमपीफोर फाइल आपली अनुक्रमणिका शेवटी लिहिते. मध्येच वीज गेली की तासाभराचं रेकॉर्डिंग उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतचं सगळं दाखवते. आमच्याकडे पावसाळ्यात हा फरक फार मोठा ठरतो.

आता गेटचा कॅमेरा एमकेव्हीत साठवतो आणि कुत्री फाइलमध्येही भुंकतात. स्कूटरच्या रात्रीची फाइल मात्र मुकीच राहणार; तिच्यात आवाज कधी लिहिलाच गेला नव्हता.