नेटबॉलमधलं थांबणं आणि गुडघ्याचं लिगामेंट

२००५ साली न्यूझीलंडविरुद्ध खेळताना ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघाची कर्णधार लिझ एलिस हिच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, फाटलं आणि पुढच्या वर्षीची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. २००७ मध्ये ती परतली. ऑकलंडला झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिच्या संघाने न्यूझीलंडलाच ४२-३८ असं हरवलं. असं पुनरागमन सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण या खेळात इतक्या जणींचे गुडघे जातात कशाने, हे पाहायचं तर खेळाच्या जन्मापाशी जावं लागतं.

नेटबॉल निघाला बास्केटबॉलमधून, आणि तो जेम्स नायस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला तयार केला. त्याच्या मूळ तेरा नियमांत एक असा होता: चेंडू घेऊन धावायचं नाही, झेलला तिथूनच टाकायचा. धावता धावता झेलणारा थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला थोडी सूट. पुढे पुरुषांच्या खेळात ड्रिबलिंग रुळलं. झेल घेतल्यावर चेंडू आपटत दोन पावलं पुढे जाता येऊ लागलं, म्हणजे अंगातला वेग उतरवायला जागा मिळाली.

बायकांच्या खेळाची दिशा वेगळी राहिली. अमेरिकेतच स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सनने मैदानाचे तीन भाग पाडले, चेंडू हिसकावणं बंद केलं आणि तो तीन सेकंदांहून जास्त धरायला मनाई केली. मुलींची दमछाक होऊ नये, धक्काबुक्की होऊ नये, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्गच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात हा खेळ रुजला, त्याचाच नेटबॉल झाला आणि १९०१ मध्ये तिथले नियम छापले गेले. १९६० मध्ये कोलंबोच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय नियम ठरले, १९६३ मध्ये ईस्टबर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली. तोवर लांब झगे गेले होते, वेग कितीतरी वाढला होता. ड्रिबलिंगची मनाई मात्र कायम होती. स्त्रियांना जपण्यासाठी केलेल्या मांडणीतच दर झेलाला करकचून ब्रेक लावायची वेळ आली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आजचा नियम असा: झेल घेऊन जो पाय आधी टेकेल, तो उचलता येतो, पण चेंडू हातातून सुटेपर्यंत पुन्हा टेकवता येत नाही. त्यामुळे खेळाडू पूर्ण वेगात धावते, हवेत उडी घेऊन चेंडू ओढून घेते आणि बहुतेक वेळा एका पायावर उतरते.

नेमका तोच क्षण धोक्याचा. एसीएल हे गुडघ्याच्या मधोमध मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकं गेलेलं लिगामेंट. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघ्यात जास्त पिळू नये, हे त्याचं काम. समजा, पास डोक्याच्या मागे पडला. खेळाडू हवेतच अंग वळवून तो झेलते, तेवढ्यात बचाव करणारीचा खांदा तिच्या बरगडीला घासतो. धड एका बाजूला कलतं. पाय जमिनीला लागतो तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो. बुटाची पकड घट्ट, पाऊल तिथेच रुततं आणि वरचं शरीर मात्र पुढे जात, फिरत राहतं. मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे खेचतो, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास लिगामेंट तुटू शकतं. सावरायला वेळच नसतो. गुडघ्याला थेट धक्का बसलेला नसतानाही अनेक जणी आतून ‘टक्क’ असा आवाज आल्याचं सांगतात.

१९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ज्यूली स्टील यांनी नेटबॉलमधलं हे उतरणं मोजायला घेतलं: पाऊल कसं पडतं, जमिनीकडून किती जोर परत येतो. तो जोर वजनाच्या कित्येक पट निघतो. १९९५ मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या आकडेवारीतून फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये मुलींचं एसीएल मुलांपेक्षा बरंच जास्त फाटतं, हे समोर आलं. मग रुंद कंबर, संप्रेरकं, हाडांमधली अरुंद खाच अशी कारणं शोधली गेली. त्यांत तथ्य असेलही, पण सगळा दोष बाईच्या शरीरावर टाकणं मला पटत नाही. मुलींना उतरायला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न त्यात मागे पडला. नुसत्या नियमावर खापर फोडणंही बरोबर नाही, कारण वेगळ्या नियमांच्या हँडबॉलमध्येही हेच गुडघे जातात. तिथेच नॉर्वेच्या संशोधकांनी महिला खेळाडूंना तोल आणि उतरण्याचे व्यायाम देऊन तीन मोसम पाहिलं, आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे व्यायाम मनापासून केले गेले, तिथे दुखापती कमी झाल्या.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेने गुडघ्यांसाठी स्वतःचा कार्यक्रम आणला. सरावाआधी त्यातलं काम साधंच असतं: मांडीच्या मागच्या स्नायूला ताकद देणं, एका पायावर तोल धरणं, उडी मारून मऊ उतरणं. गुडघा वाकलेला, पावलाच्या रेषेत, कंबर थोडी मागे. मग हेच उतरणं जोडीदाराने हवेत हलकासा धक्का दिल्यावर, हातात चेंडू असताना.