हानेदा कुणाच्या वाट्याला? जॅल आणि अना यांच्या स्पर्धेची पार्श्वभूमी

जपान एअरलाइन्स (जॅल) आणि ऑल निप्पॉन एअरवेज (अना) यांची तुलना करताना सहसा सीट, जेवण आणि वक्तशीरपणाच बघितला जातो. कोणती कंपनी कुठल्या विमानतळावरून कुठे उडते, ही मात्र त्यांची निवड आहे असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते, विशेषतः टोकियोच्या हानेदा विमानतळावर, बरंचसं सरकारी वाटपावर ठरत आलं आहे.

जॅल १९५१ची. दोनच वर्षांत ती निमसरकारी झाली. अनाची सुरुवात १९५२मध्ये हेलिकॉप्टर सेवेपासून झाली. तिच्या उड्डाणांच्या क्रमांकाआधीचं 'एनएच' (निप्पॉन हेलिकॉप्टर) ही त्याचीच खूण. १९७०-७२मध्ये सरकारने क्षेत्रं आखून दिली. परदेशातल्या नियमित फेऱ्या आणि देशातले मोठे मार्ग जॅलकडे, तर देशांतर्गत मोठे आणि छोटे मार्ग अनाकडे. उरलेले छोटे मार्ग तिसऱ्या एका कंपनीला मिळाले. १९७८मध्ये नारिता उघडलं आणि टोकियोची जवळपास सगळी आंतरराष्ट्रीय वाहतूक तिकडे गेली. शहरापासून सुमारे ६० किलोमीटर लांब असलेला हा विमानतळ शेतकऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे २००२पर्यंत एकाच धावपट्टीवर चालला. शहराला खेटून असलेलं हानेदा देशांतर्गत फेऱ्यांसाठी राहिलं.

१९८५मध्ये ही आखणी मोडीत निघाली. १९८६मध्ये अनाची पहिली नियमित आंतरराष्ट्रीय फेरी ग्वामला गेली, आणि १९८७मध्ये जॅलचं पूर्ण खासगीकरण झालं. पुढे त्या तिसऱ्या कंपनीला सामावून घेऊन जॅलने देशांतर्गत जाळं वाढवलं. पण त्याबरोबर तोट्यातले लहान विमानतळही गळ्यात पडले. शिझुओका विमानतळ जून २००९मध्ये सुरू झाला तेव्हा फुकुओकाच्या फेरीत ७० टक्के जागा भरल्या नाहीत तर भरपाई देऊ, अशी हमी तिथल्या प्रशासनाने जॅलला दिली होती. वर्षही पुरं झालं नाही तोच, मार्च २०१०मध्ये, जॅल तिथून बाहेर पडली आणि हमीच्या रकमेवरून वाद झाला तो वेगळाच. इतक्या आधाराशिवाय उडणं परवडत नसेल, तर असा विमानतळ मुळात कुणासाठी बांधला, हा प्रश्न तेव्हाच जोरात विचारायला हवा होता.

जानेवारी २०१०मध्ये जॅलने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारी पाठबळाच्या निधीतून ३५ हजार कोटी येन आले, बँकांनी कर्जं सोडली आणि जुन्या तोट्यामुळे पुढची काही वर्षं कंपनी कराचीही सवलत कमावून बसली. सप्टेंबर २०१२मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आली. स्वतःच्या हिमतीवर टिकलेल्या अनाला हे बोचणं स्वाभाविक होतं. तिची तक्रार साधी होती: बुडालेल्याला जनतेच्या पैशाने उभं केलं, आता तोच स्वस्तात तिकिटं विकणार.

परिवहन खात्याने ही तक्रार बरीच मनावर घेतली. हानेदाच्या देशांतर्गत जागांच्या (म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळांच्या, 'स्लॉट'च्या) वाटपात अनाला ८, जॅलला ३. मग ऑक्टोबर २०१३मध्ये, हानेदाच्या दिवसाच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या १६ जागांपैकी अनाला ११ आणि जॅलला ५. जॅलने फेरवाटप मागितलं, पण उपयोग झाला नाही. अनाची तक्रार खरी होती, पण हा उपाय पटत नाही. करसवलत आज ना उद्या संपते. हानेदाची जागा एकदा मिळाली की सहसा हातची जात नाही. शिवाय जॅलच्या शेअरविक्रीतून त्या सरकारी पाठबळाच्या निधीला घातलेल्या पैशाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मिळाली होती. तात्पुरत्या असमतोलावर जवळपास कायमचा तोडगा काढला गेला, आणि हानेदाहून लांब पल्ल्याला जाणाऱ्या प्रवाशाच्या पर्यायांचा विचार त्यात दुय्यम ठरला.

२०२०च्या वाटपात अंतर कमी झालं: अनाला १३.५, जॅलला ११.५. दोन्ही कंपन्यांनी दिल्लीची फेरी हानेदाला नेण्याचं जाहीर केलं. अनाने २००७मध्ये फक्त बिझनेस क्लासच्या छोट्या विमानाने सुरू केलेली मुंबईची फेरी मात्र नारितालाच राहिली.